नाल्याच्या तोंडचं गवत

माझं सासर दिग्रसच्या खालच्या अंगाला, अरुणावतीच्या काठी. माहेर त्याच नदीवर, पण वर, बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. अठ्ठावन्न साल असेल. पहिल्या दिवाळीनंतर मी माहेर पाहिलं नव्हतं. घाटावर पाणी भरताना मनात यायचं, हे पाणी काल मायच्या पायाखालून निघालं असेल. वेडेपणाच तो. पाणी कोणाचा निरोप आणत नाही. तरी घागर बुडवायला मी वेळ लावायची.

घाटाच्या जरा वर एक नाला नदीला मिळत होता. त्याच्या तोंडाशी पाण्याखाली गवत होतं, लांब, पट्ट्यांसारखं. नाल्यात वर म्हशी बसायच्या, शेतांची काळी माती यायची. पण पाणी गवतात शिरलं की सगळी पाती विंचरल्यासारखी एका बाजूला पडायची आणि पाणी धावणं सोडून रेंगाळायचं. माती मुळांशीच बसायची. घाटावर घागरीचा तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी यायचं. हे मला नंतर समजलं. तेव्हा गवत म्हणजे पायात अडकणारी कटकट.

दिवाळीआधी सासू त्यात अडकून पडली, गुडघा फुटला. घरी येऊन म्हणाली, "थे गवत काढून टाक. मंग जाय माहेरी."

ती रागानं म्हणाली की खरंच, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून उपटायला लागले. वाटेपुरतं काढ, असं जावेनं सांगितलं. मी ऐकलं नाही. चार दिवसांत एक काडी ठेवली नाही.

नाल्याला अडवणारं काही उरलं नाही. मुळांशी बसलेला गाळही उचलून तो सरळ घाटावर यायला लागला. तुरटी फिरवून ठेवलं तरी वरण मातकट लागायचं. चांगलं पाणी हवं तर कोसभर वरच्या डोहावर जावं लागे. बाया मला ऐकवायच्या की हिची माहेरची घाई आम्हाले प्यावी लागून राह्यली.

भाऊ न्यायला आला. गाडीत कडबा अंथरून त्यावर मायनं वाकळ घातली होती. सासूनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं, "इले ने, पण पहिले आमचं पाणी आम्हाले आणून दे."

तो रिकामी गाडी घेऊन गेला. वाकळ तरी ठेवून जा, असं मला म्हणता आलं असतं. मायच्या जुन्या लुगड्यांची होती ती. सुचलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

बाजाराच्या दिवशी मायचा निरोप आला. तुनंच उपटलं, तुनंच लाव. बस, एवढाच.

काठावर फेकलेलं गवत वाळून गेलं होतं. डोहातून ओले झुबके आणले, चिखलात खुपसले, मुळांवर दगड ठेवले. अर्धे वाहून गेले. पुन्हा लावले. उन्हाळाभर हेच चाललं. पावसाळ्यात पूर गेल्यावर बघायला गेले, तर थोडे जागेवर हलत होते. दसऱ्यापर्यंत ते पसरले आणि नाला पुन्हा रेंगाळू लागला. घागरीचा तळ दिसला त्या दिवशी सासू स्वतःच म्हणाली की भावाले सांगावा धाड.

माहेरी आठ दिवस राहिले. मधल्या काळात मायचे कान गेले होते. मला कोणी कळवलं नव्हतं. दोन वर्षांचं सांगायचं साठवून नेलं होतं, आणि आता एकेक गोष्ट ओरडून सांगावी लागत होती. सासरचं असं गल्लीला ऐकवत सांगतात का? चुलीपाशी बसून मी हळूच काही बोलायची, तर ती हातातली भाकरी तशीच धरून माझ्या तोंडाकडे पाहायची.

"काय म्हून राह्यली वं?"

"काई नाई, मा," मी ओरडायची. "गवत आलं परत."