कोपरावरचं भोक

रफूतात्यांच्या कामाची गंमत अशी, की ते दिसलं तर फसलं. चाळीस वर्षांत बुजवलेलं एकही भोक पुन्हा कोणाला सापडलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान! बायको म्हणायची, "जन्मभर राबलात, आणि दाखवायला काय, तर काहीच नाही." तात्यांना ही स्तुतीच वाटे.

एकदा कलादालनातून एक जुना लोकरी कोट आला. सोबत चिठ्ठी: कॉलर कसरीने खाल्ली आहे, रफू करावी. कॉलर तासाभरात झाली. पण डाव्या कोपरावर मूठ जाईल एवढं भोक! चिठ्ठी लिहिणारा विसरला असणार, असं तात्यांनी परस्पर ठरवून टाकलं. भोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे उपसून, दोन दिवस खपून त्यांनी कोपर नव्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी कोटाची मालकीण, एक चित्रकार बाई, स्वतः दुकानात आली. कोट उलटासुलटा करून म्हणाली, "भोक कुठे गेलं?"

"बुजवलं," तात्या हसून म्हणाले. "त्याचे पैसे नकोत."

"अहो, ते भोकच तर मांडायचं होतं! परवा प्रदर्शन आहे."

बाई थट्टा करतेय असं तात्यांना वाटलं. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी हसू आवरलं. तरी विचारल्यावाचून राहवेना. "भोकात बघायचं तरी काय असतं हो?"

"तुम्हाला काय दिसलं होतं?"

तात्यांनी चष्मा पुसला. "माणूस डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने लिहीत असणार. टेबलाची कड धारदार. एकाच जागी वर्षानुवर्षं घासलंय."

बाई स्टुलावर टेकलीच. "माझे बाबा. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मागच्या प्रदर्शनात लोक या कोटापुढे गरिबीवर बोलले, युद्धावर बोलले. टेबल कोणालाच दिसलं नाही."

तात्या मनातून सुखावले. "देतो उसवून. भोकाची कड कापलेली नाही, आत दडवलीय." त्यांचे टाके त्यांनाच सापडणार होते. एकेक धागा काढता काढता त्यांचे प्रश्न चालूच होते. "दालनात टांगलं की कला. मग माझ्या टेबलावर पडलं होतं तेव्हा काय?"

"तेव्हा काम," बाई हसली.

"आणि माझं रफू?"

बाई उसवलेले धागे एकेक करून तळहातावर गोळा करू लागली.

भोक परत आलं. बाईने कडेवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. "इथे खाली टाके होते. जाड, निळे."

"ते वेडेवाकडे? ते मी आधीच कापून फेकले. कोणा अडाण्यानं..."

"मी आठ वर्षांची होते," बाई म्हणाली. "आई उसवायला निघाली, तर बाबांनी उसवू दिले नाहीत. तसाच कोट घालून कामावर जायचे. ते टाके कोणाच्या नजरेत भरले नाहीत. माझ्यासाठी सगळं तेच होतं."

कचरा तर केव्हाच गेला होता. तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी निळा दोरा ओवून सुई तिच्यापुढे धरली. "तुम्हीच घाला परत."

तिने एका चिंधीवर दोन टाके घालून पाहिले. नीटनेटके आले. "आता येतं ना मला शिवता," म्हणत तिने सुई ठेवून दिली.

मग तात्यांनी ती घेतली. हात सैल सोडला, टाका घातला. सरळ. डोळे मिटून घातला. तरी सरळच. तिसरा, चौथा, सगळे एका रांगेत. त्यांनी चिंधी बाजूला सारली.

"बाई," ते खालमानेने म्हणाले, "एवढं काही मला जमत नाही."