माझ्या नावाचा वाटा

देव आहे की नाही, हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत कधी पडला नव्हता. पडला तो एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. पोरं मोठी झाली, आता आपली हौस, म्हणून विद्यापीठाची परीक्षा बाहेरून द्यायचं ठरवलं आणि विषय घेतला जगातले धर्म आणि संस्कृती. वाचत गेले तसा वहीत एकेका धर्माचा तक्ता पाडला. संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, सण कोणते, मेल्यावर काय. सगळ्यांचे देव रकान्यांत बसले आणि एक दिवस माझाही तिथंच जाऊन बसला. नारायणगडाला देवदर्शनाला गेले तर हात जोडायच्या आधी नजर खांब मोजायला लागली. घरी सांजवात करायचे, पण बटण दाबावं तशी. सासूबाईंच्या नजरेतून काय सुटतं? "जगाचे देव शिकलीस आन् घरचा इसरलीस व्हय गं?" त्या म्हणाल्या. "तुमाला काय कळतंय त्यातलं!" मी फणकारले. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. पण त्या बोलल्या ते खरं होतं आणि ते मला फार लागलं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. एखाद्या श्रद्धास्थानी जाऊन लोकांशी बोलायचं, ते लिहायचं आणि तोंडी परीक्षेत मांडायचं. तो बुडाला की पदवी बुडाली. मी नेकनूरच्या पलीकडं एका टेकडीवरचा दर्गा निवडला. ऊसतोडीला निघायच्या आधी हिंदू-मुसलमान दोन्ही घरची माणसं तिथं येतात, चपाती चुरून गूळ-तुपात कालवलेला मलिदा चढवतात. झाडलोट करणं आणि मलिद्याचे वाटे करणं, हे एक म्हाताऱ्या बाई बघायच्या; सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांनी सगळा जन्म तिथंच काढलेला. त्या बोलल्या असत्या तर माझा प्रकल्प झालाच होता. पहिल्याच गुरुवारी त्यांनी वाटा माझ्यापुढं धरला. आणि मी शहाणी, वही छातीशी धरून म्हणाले, "नको खाला, मी नुसती बघायला आलेय. अभ्यास करणाऱ्यानं तटस्थ राहायचं असतं." खालांनी हात मागं घेतला.

प्रसादाला नको म्हणू नये हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण पुस्तकी अक्कल अशी डोक्यात चढली होती की विचारू नका! त्यानंतर आणखी चार गुरुवार गेले. खाला "आ बेटी, बैस" म्हणायच्या, चटई टाकायच्या, आणि मी काही विचारलं की "अल्ला जाने" म्हणून झाडू उचलायच्या. त्या बोलत नाहीत म्हटल्यावर बाकीचेही बोलेनात. वहीत नुसत्या तारखा पडल्या, त्यांच्याखाली कोरी पानं.

सहावा गुरुवार शेवटचा होता, सोमवारी प्रकल्प द्यायचा. त्यातच फाट्यावर एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. मी लिंबाखाली बसले आणि लाजबीज सोडून रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा मनापासून बोलले, "देवा, तू रकान्यात मावत असशील तर राहा तिथंच. मावत नसशील तर आता तूच बघ. माझी अक्कल संपली." जरा वेळानं सीताफळांचा एक टेम्पो थांबला. चालवणारा अनोळखी, डोक्याला गमछा. "ताई, कावून रडता? बसा, सोडतो," म्हणाला. बसले तर त्यानं एक पिकलेलं सीताफळ हातावर ठेवलं. मी सवयीनं नको म्हणाले. तो रस्त्याकडं बघतच म्हणाला, "खान्याला न्हाई म्हनलं की समोरचा समजतो, ही बाई आपली न्हाई. मग पुडं काय बोलनार, ताई?"

मलिदा नाकारल्याचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. मी ते सीताफळ शेवटच्या बीपर्यंत खाल्लं. टेकडीपाशी उतरले, चढून गेले आणि खालांपुढं पदर पसरला. "खाला, माझं चुकलं. माझा वाटा द्या."

त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेला मलिदा घेऊन आल्या. "पयल्या गुरवारपासून तुज्या नावाचा वाटा काडतेय गं. तू गेलीस की पाखरांना घालते. म्हनलं, मागंल एक दिस." मी रडत रडत खाल्लं आणि खाला हसत हसत बोलायला लागल्या. दिवस कलला तरी त्यांचं संपेना. हळूहळू बाकीच्या बायकाही भोवती येऊन बसल्या. सोमवारपर्यंत माझी चाळीस पानं झाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर कडक होते. "तुम्ही प्रसाद खाल्लात. तटस्थता गेली. मग हा अभ्यास कसला?" मी वही त्यांच्यापुढं सरकवली. "सर, पाच गुरुवार तटस्थ बसले, ती ही कोरी पानं. सहाव्या गुरुवारी खाल्लं, ती ही चाळीस." सरांनी पानं चाळली. बराच वेळ चाळली. मग चष्मा काढून म्हणाले, "आणलाय का मलिदा?" आणला होता की! डबाभर होता. मी पहिल्या वर्गात आले. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि दारोदार सांगितलं, "माजी सून समद्या देवांत पास झाली!"

टेम्पोवाल्याला मी नेकनूरच्या बाजारात दोनदा शोधलं. सापडला नाही. तो कोण होता यावर मी कुणाशी वाद घालत नाही. नारायणगडाला गेले तेव्हा हात आपोआप जुळले आणि खांब मोजायचे राहून गेले. मला वाटायचं, कृपा मिळवावी लागते, अभ्यासानं, पुण्याईनं. पण माझा वाटा पहिल्या दिवसापासून निघतच होता. पुढं न केलेला हात तेवढा माझा होता.

आता दर गुरुवारी मी घरी मलिदा करते आणि एक वाटा बाजूला काढते. सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "ह्यो कुनाचा गं?" मी म्हणाले, "जो कुणी नको म्हणून गेलाय, त्याचा. येईल."