बिनबुडाचं पिंप

दिनानाथ साळवे छत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. काचेच्या नळ्या धुवायच्या, तराजू पुसून ठेवायचे, हे काम. निवृत्त झाल्यावर सुकापूरला आला. दर रविवारी उपासना संपली की तो चर्चच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडतो आणि पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहितो. नऊ वर्षांत एक रविवार चुकला नाही. एवढ्यासाठी मी त्याला मानतो.

मी पेव्हर ब्लॉक बसवायचो. गुडघे गेले, काम सोडलं. गेल्या नोव्हेंबरात चर्चच्या चिटणीस दमयंतीबाई यांनी मला देखरेखीला बोलावलं. नाताळाआधी सगळ्या अंगणात काँक्रीट टाकून वर ब्लॉक बसवायचे होते. पावसाळ्यात दोन म्हाताऱ्या तिथे चिखलात घसरल्या होत्या. कारण खोटं नव्हतं.

दिनानाथने मला फाटकातच गाठलं.

"विठूभाऊ, अंगण झाकलंत तर विहीर आटेल. मे महिन्यात सगळी आळी तिच्यावर असते. शास्त्रात सांगितलंय, राखण करा."

"वास्तुशास्त्रात?"

तो हसत सुटला. "आमचं पवित्र शास्त्र हो! पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते राखण करायला."

"मंग पाणी किती मुरतं, ते पन त्यातच लिवलंय?"

"ते दुसऱ्या शास्त्रात. तिथे मोजावं लागतं."

कसं मोजतात ते मला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी तो तळ कापलेलं पत्र्याचं पिंप घेऊन आला. ते मातीत चार बोटं ठोकून बसवलं, एक बादली पाणी ओतलं आणि घड्याळ धरून बसला.

दमयंतीबाई पायरीवरून ओरडल्या, "दिनानाथभाऊ, पिंप बिनबुडाचं, तसंच तुमचं बोलणं!"

"बाई, बूड असतं तर मुरलं कुठून असतं?"

विहिरीजवळ पाणी अकरा मिनिटांत मुरलं. भिंतीकडेला चौदा. प्रत्येक जागी तीनदा ओतायचं, हा त्याचा नियम. बादल्या स्वतः वाहिल्या. मग पिंप मधोमध ठोकलं, जिथे रविवारी स्कूटरी लागतात. तासाभराने पाणी तसंच. पुन्हा ओतलं, तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

तो खाली बसला. "सगळं उघडं ठेवा म्हणून मी भांडतोय. गाड्यांनी दाबून निम्मं अंगण आधीच बंद झालंय."

"हा आकडा लिवू नका. बाईंना आयताच सापडंल."

"खोटी साक्ष चालत नाही, विठूभाऊ. दोन्ही शास्त्रांत."

त्याने आकडा लिहिला. मी टिकाव घेऊन तिथे एक घाव घातला. टिकाव उडाला.

"नऊ वर्सांत हितं खुरपं तरी लावलंत का?"

"मी राखण करत होतो. हात लावायचा नाही, असंच..." तो थांबला. मग म्हणाला, "त्या ओळीत राखणीच्या आधी एक शब्द आहे. मशागत."

"म्हंजी खणायला सांगितलंय."

"हो. मी तो सोडून वाचत आलो."

चर्चच्या सभेत त्याने आधी स्वतःची चूक वाचली, मग आकडे. दमयंतीबाईंनी विचारलं, "आणि म्हाताऱ्यांनी चालायचं कुठून?" ते मी सांगितलं. फाटकापासून दारापर्यंत चार फूट रुंद वाट. वाळूवर बसवलेले ब्लॉक, फटी मोकळ्या, काँक्रीट नाही. गाड्या बाहेर. बाकीचं अंगण फूटभर खणायचं.

"खणणार कोण?"

दिनानाथने हात वर केला. वय एकाहत्तर.

"पंधरा दिवस देते," बाई म्हणाल्या. "मधोमध पाणी मुरलं तर काँक्रीट रद्द. नाहीतर सगळं झाकणार."

टिकाव कसा धरायचा ते मी शिकवलं. तो मनगटाने मारायचा, कंबर वापरायचा नाही. एक ओळ नऊच इंच खोल भरली. मी पुन्हा खणायला लावली. त्याने खणली.

पंधराव्या दिवशी त्याने पिंप मधोमध ठोकलं. बाईंनी स्वतः बादली ओतली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. नंतर पिंपावर वाकल्या. सोळाव्या मिनिटाला आत नुसती ओली माती होती.

"मुरलं की हो!"

"एकदा मुरलं," दिनानाथ म्हणाला. "तीनदा ओतायचं असतं."

बाईंनी पदर खोचला आणि रिकामी बादली घेऊन विहिरीकडे गेल्या.