न पाहिलेली कुऱ्हाड

"कुठी करू सही?" असं तो विचारायचा तेव्हा पेनाचं टोपण आधीच निघालेलं असायचं. कागद कसला आहे, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, नीट बघा. आमच्या तालुक्याच्या सरकारी ऑफिसात तो लिपिक होता, माझ्या शेजारच्या टेबलावर. नाही म्हणणं त्याला जमायचं नाही आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू सतत पकडली जाते, आणि दर वेळी पंचनाम्यावर सही करायला दोन पंच लागतात. पंच व्हायला कोणी तयार नसतं. पोलीस ठाण्याचा जमादार दारात दिसला की आमच्या सगळ्यांच्या माना फायलींत जायच्या. हा मात्र टेबलाखाली चपला शोधू लागायचा.

सुरुवातीला तो खरोखर जागेवर जायचा. पुढे ठाण्यासमोरच्या टपरीवर, चहा पिता पिता सह्या होऊ लागल्या. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "मॅडम, कॅन तेच, मोहाची दारू तेच, वासबी तोच. पाहाचं काय त्याच्यात?"

जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर सिनेमे बघायचा. त्यातही आवडता प्रकार एकच. साधा माणूस खुनाच्या भानगडीत अडकतो, धडपडतो आणि आपण हसतो. "आता पाहा मॅडम, बिचारा स्टेपनी काढाले डिक्की खोलते, तं आत मुडदा! आता त्यानं जावं कुठी?" असं सांगता सांगता तो हसून डोळे पुसायचा. माझी भाजी थंड व्हायची.

मग एक खुनाची केस झाली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि एक माणूस मारला गेला. पोलिसांनी शेजारच्या शेतातल्या तरुण पोराला धरलं. संध्याकाळी घरी जाताना जमादारानं टपरीवर कागद पुढे केला आणि यानं सही केली. कागदात लिहिलं होतं की, दुपारी तीन वाजता आरोपीनं पंचांसमक्ष कपाशीच्या पऱ्हाटीच्या ढिगातून रक्ताची कुऱ्हाड काढून दिली. तीन वाजता हा आमच्याकडे आलेल्या तपासणी पथकाला फायली काढून देत होता. मला माहीत होतं. मी बोलले नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसरा पंच पुढे आजारपणात वारला. कोर्टाचं समन्स आलं ते याच्या एकट्याच्या नावानं. कागद त्यानं तेव्हा पहिल्यांदा वाचला.

त्या दिवसापासून तो खुर्चीत बसेना. खिडकी, माठ, कपाट, पुन्हा खिडकी. फाइल उघडायचा आणि उघडीच ठेवून उठायचा. सिनेमे बंद झाले. मी विचारलं तर म्हणाला, "पिक्चरमधला दोन घंट्यानं सुटते मॅडम. माहं काय?"

एकदा माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "खरं बोललो तं नोकरी जाते, पोलीस मांगं लागते. खोटं बोललो तं तो पोट्टा जलमभर आत. मधलं काई नाई काय?"

"नाही," मी म्हटलं.

"हालचाल नोंदवहीत तुमी एक ओळ टाकली असती... दोन ते चार, पोलीस ठाणे."

"मी टाकणार नाही." कोण कधी बाहेर गेलं ती वही माझ्याच ताब्यात होती.

रागावला नाही. पुन्हा माठाकडे गेला.

आरोपीची आई रोज येऊन आमच्या व्हरांड्यात बसायची. तो दिसला की एवढंच म्हणायची, "माह्या पोरासाठी नोको सांगू. जे पाह्यलं तेच सांगजो बाबू." तो मागच्या दारानं जाऊ लागला. मागच्या दाराशी जमादार मोटारसायकल घेऊन उभा असायचा. "पाठ केलं ना बे?" केलं होतं. "आरोपीने स्वखुशीने" हे शब्द आम्ही दिवसभर ऐकत होतो.

साक्षीच्या दिवशी म्हणाला, "मॅडम, तुमी चाला." अर्धी रजा टाकून मी त्याच्याबरोबर वर्ध्याला गेले. बसमध्ये जागा होती तरी तो उभाच.

सरकारी वकिलांनी विचारलं, कुऱ्हाड कोणी काढून दिली? त्यानं सुरू केलं, "आरोपीने स्वखुशीने..." आणि थांबला. न्यायाधीशांनी मान वर केली.

"साहेब, मी तिथी गेलतोच नाई."

"मग ही सही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माहीच हाय. चहा पेता पेता केली."

मागे कोणीतरी हसलं.

"कागद वाचला नाही?"

"वाचला असता तं सही केली असती काय साहेब?"

आता आणखी चारजण हसले. त्याच्या सिनेमात प्रेक्षक हसतात ती हीच जागा. तो कठड्याच्या आत एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करत होता.

कुऱ्हाडीचा पुरावा गेला आणि पोरगा सुटला. पाठोपाठ याच्या निलंबनाचा आदेश आला. तो मीच त्याच्या हातात दिला. उभ्या उभ्या दोनदा वाचून त्यानं पोच दिली.

तो चार्ज द्यायला आला त्या दिवशी सुटलेला पोरगा पेढे घेऊन हजर झाला आणि सरळ त्याच्या पायाशी वाकला. यानं पाय मागे घेतले.

"पेढा नोको बाबू. एक सांग फक्त. तू नाई ना मारलं?"

पोरगा हसला. "काका, आता काऊन इचारता? सुटलो ना मी."

डबा टेबलावर ठेवून तो निघून गेला. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा मी तो फेकला.

आता तो सेलूला मुलीकडे असतो. चौकशी चालू आहे, निकाल लागायचा आहे. अधूनमधून दुपारी त्याचा फोन येतो. नमस्कार नाही, खुशाली नाही.

"मॅडम, नाई म्हनाले काय जात होतं त्या पोट्ट्याले? एक शब्द."

मी विचारते, जेवलात का? तो "हो" म्हणतो, पण फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही. बोलणं संपलेलं असतं आणि फरशीवर त्याच्या चपला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाजत राहतात.