न तुटणारा आरएनए

काल दुपारी प्रयोगशाळेतल्या पडद्यावर आलेख उमटला आणि त्यातली रेघ खाली आलीच नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींत एक लांबलचक आरएनए असतो. त्यापासून प्रथिन बनत नाही, पण गाठ पसरायला तो मदत करतो. पेशी असे कितीतरी आरएनए घडवते आणि थोड्याच वेळात तोडून टाकते. याचं टोक मात्र ती पीळ घालून जपते. तो पीळ सोडवणारं औषध शोधण्यात माझी चार वर्षं गेली. कालचं औषध शेवटचं होतं. सकाळी आम्ही ते पेशींना दिलं, त्यांच्यात नवा आरएनए बनणं थांबवलं आणि तासातासाने जुना मोजला. तो होता तेवढाच राहिला.

माझ्या दादाला हाच कॅन्सर आहे. घरी गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता.

“तुटला का गं तुझा आरएनए?” त्याने रोजच्यासारखं विचारलं.

“नाही, दादा. आता तपासायची औषधंही संपली.”

मी त्याच्या पायाशी बसले. पेशीला भलंबुरं कळत नाही, हे मी विद्यार्थ्यांना किती सहज सांगते. दादाच्या अंगातही ती आपलं काम चोख करत होती, आणि तो महिन्यामहिन्याने झिजत होता.

“तुटला असता, तर मला ते औषध मिळालं असतं?”

“नाही. माणसांपर्यंत यायला फार वर्षं लागतात.”

“ठाऊक होतं मला,” तो म्हणाला. “तू रोज एवढ्या आशेनं जायचीस, म्हणून विचारायचो.”