पिशोर ते औरंगाबाद, पाचच्या आत

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. बस बंद, आणि वसंताला दहावीच्या गणिताचं हॉल तिकीट शहरातल्या शाळेतून पाचच्या आत घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी पेपर. वाळूजच्या नव्या कारखान्यात दहावी पास पोरांनाच घेत होते आणि मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या या पोराची गणितात दोनदा दांडी गुल झालेली. मी शहरात गुलमंडीत शिकवण्या घ्यायचो. त्याच्यासाठी पिशोरला आलो होतो. पहाटेच सायकली काढल्या.

वसंता अडायचा एकाच जागी. वेळ आणि उरलेलं अंतर यांचा आलेख काढ म्हटलं की हा गडी घाटाचं चित्र काढायचा. रस्ता चढला की रेघ वर!

कन्नडला गरम भजी हाणली. पुढे रस्ता बरा लागला. अकरा वाजता दगडावर ‘औरंगाबाद ४२’ दिसलं, बाराला वेरूळजवळ ३०. तासाला बारा किलोमीटर घटतात, म्हणजे अडीचला शहरात. मी ऐटीत पिठलं-भाकरी मागवली, वर दही घेतलं आणि झाडाखाली ताणून दिली. उठलो तेव्हा दोन वाजले होते.

मग खुलताबादचा घाट. तुम्ही जाणार असाल तर भरल्या पोटी जाऊ नका. सायकली ढकलत तीन वाजता दगड गाठला, तर २४. तासात फक्त सहा! या चालीनं सात वाजणार होते. माझं तोंड उतरलं. वसंता मात्र मातीत काडीनं रेघ ओढत बसला होता.

“सर, घाट खडा झाला तशी रेघ आडवी पडली की. रेघ रस्त्याची नाय, आपल्या चालीची हाय.”

तीन महिने मी घसा कोरडा केला होता, ते घाटानं तासाभरात शिकवलं. मला घाटाचा थोडा हेवाच वाटला.

आता उतार आहे, परत बारानं गेलो तर बरोबर पाच, असा हिशोब त्यानंच मांडला आणि पडेगावचा चहा रद्द केला. दौलताबादचे पेरू आम्ही लांबूनच बघितले. पाचला दहा कमी असताना शाळेत पोचलो, तेव्हा कारकून खिडकी लावत होता. तिकीट मिळालं.

निकालाच्या दिवशी वसंता पेढे घेऊन माझ्या घरी आला. सोबत आलेखाचा कागद, त्यावर आमची सगळी सफर. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. रेघ खाली येत येत मध्येच लांबलचक सपाट झालेली. हे काय, म्हणून मी विचारलं.

“ते तुमचं जेवण, सर.”

मी खो खो हसलो. मग कागद पुन्हा निरखून बघितला. तेवढ्या सपाट रेघेनं त्याची नोकरी खाल्ली असती.