पोटातला मुद्देमाल

ती गाय आठवली की आजबी माझी बोलती बंद हुती. माझी बोलती बंद झाली म्हंजे घरची मंडळी वैद्याला बोलवायला पळत्यात, येवढा मी बडबड्या.

त्या साली सोलापूरकडं वळीव न्हाय, मोठा पाऊस न्हाय. मी मोहोळकडं एका ठान्यात जमादार. शाळेची पायरी चढलो न्हवतो. सही करताना घाम फुटायचा, पन जीभ लई चालायची. सायेबाला हसवतो म्हनून माझी नोकरी टिकली, असं शिपाई म्हनायचे. खोटं न्हवतं.

स्टेशनाजवळ सरकारनं गवताची गंज रचली हुती, दुष्काळात वाटायला. भवतीनं बाभळीच्या काट्याचं कुंपन, फाटकाला कुलूप, कुलपावर लाखेचा शिक्का. हुकूम असा, की वरनं कागदावर 'दुष्काळ' हा शब्द आल्याबिगर काडी हलवायची न्हाय. आनि कागद यायचा त्यात 'टंचाई'. हिकडं दावनीला जनावरं उठंनात. लोक कुंपनाभाईर येऊन बसायचे.

एकजन म्हनला, "जमादार, माझा बैल मेला. दुष्काळानं म्हनू का टंचाईनं?"

"टंचाईनं म्हन," मी म्हनलो, "म्हंजे थोडाच मेला."

हसले. तवर हसू येत हुतं.

मग गंजीतलं गवत कमी झाल्याची वर्दी आली. पोलीस पाटलानं खबर दिली, "समद्यांची जनावरं बसली ती बसली. वस्तीवरल्या धनगराच्या म्हातारीची गाय तेवढी उभी हाय."

गेलो. म्हातारीची मेंढरं कवाच मेलेली, माघारी ती एक गाय. घराला फेरी मारली तर मागल्या भिंतीवर ओल्या गवऱ्या. उपाशी जनावर शेन कुठनं टाकनार? मला वाटलं, मी सीआयडीवाला झालो की! शेन हातात घेऊन वासबी घेतला.

"म्हातारे, गाय काय खाती?"

"वारं खाती."

"वाऱ्याच्या गवऱ्या हुत्यात व्हय?"

म्हातारीनं हात पुढं केलं. कोपरापत्तुर काट्यानं सोललेलं. "गाभन हाय रं ती, लेकरा. कुंपनातनं हात घालून मूठमूठ उपसलं. मला न्हे. तिला हितंच ऱ्हाऊ दे."

तितनंच माघारी फिरायचं हुतं. पन शोध लावल्याची मिजास! ठान्यात येऊन समदं सांगितलं. फौजदारसायेब म्हनाले, "कबुली झाली. चोरीचा मुद्देमाल कुठं आहे?"

मी सवयीपरमानं बोलून गेलो, "सायेब, मुद्देमाल गाईच्या पोटात हाय."

सारं ठानं हसलं. सायेब हसले न्हाईत. त्यांनी लिवलं, 'मुद्देमाल गाईसह जप्त.'

म्हातारीला जामीन मिळाला. गाईला जामीन न्हाय. तिला कोंडवाड्यात बांधली. वैरन मागायला मी कचेरीत गेलो, तर कारकून म्हनला, "गंजीतलं गवत दुष्काळातल्या जनावरांसाठी आहे. दुष्काळ जाहीर झालेला नाही. आणि मुद्देमालाला वैरण घालायचा नियमही नाही."

कोंडवाड्याच्या दारातनं ती गंज दिसायची. गाय तिकडंच तोंड करून उभी. मी माझ्या छपराचं काड उपसून घातलं. बायको म्हनली, "घर खायाला घाला, मग आमाला घाला." चार दिस काड पुरलं. पाचव्या दिशी गाय बसली, ती उठलीच न्हाय.

म्हातारी रोज दाराशी यायची. त्या दिशी आत आली, गाईच्या तोंडावरनं हात फिरवला नि म्हनली, "आता फाडा पोट, जमादार. तुमचं गवत घ्या काढून. वासरू घावलं तर तेबी सरकारजमा करा."

मी वाकून गाईच्या गळ्यातलं दावं सोडलं.

पंचनाम्याला कारन लागतं. मी म्हनलो, "भुकेनं." सायेब म्हनाले, "तो शब्द नको. वरून विचारणा होते." त्यांनी 'अशक्तपणा' लिवलं. खाली माझी वाकडी सही.

'दुष्काळ' शब्द आला तवा शिवार हिरवं झालं हुतं. कुलूप काढलं तर गंज आतनं काळी, कुजलेली. ती पेटवायचं काम मलाच दिलं. ओली हुती, धडपनं पेटलीबी न्हाय.

नोकरीनं काय शिकवलं, असं लोक इचारत्यात. सरकारला थट्टा कळत न्हाय, ते लिवून घेतं, येवढं शिकलो. आनि मी अडानी, काय लिवलंय ते न कळता सही केली, असं आजवर समद्यांना सांगत आलो. ते खोटं हाय. सही करायच्या आधी 'अशक्तपणा' मला दोनदा वाचून दाखवला हुता.